वेबसेवेला विनंती कशी करावी?

एका संगणकाने इतर आज्ञावलींसाठी खुली ठेवलेली प्रश्नोत्तराची सोय म्हणजे वेबसेवा होय. प्रश्न विचारणाऱ्या आज्ञावलीस ‘ग्राहक-आज्ञावली’ म्हणतात. मराठी विकिपीडियाचीही अशी सेवा आहे.

समजा, सोलापूर जिल्ह्यातील ‘माढा’ या शीर्षकाचा लेख आपणांस हवा आहे. विनंतीत सेवेचा पत्ता, अपेक्षित कृती, लेखाचे शीर्षक आणि उत्तराचे स्वरूप (उदा. जेसन) नमूद करावे लागते. ‘माढा’मध्ये अक्षरे दोन, युनिकोडनुसार मात्र म, काना, ढ, काना अशी चार चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १२ बाइट होतात. नुक्ता देऊन ‘माढ़ा’ लिहिले तरी वाचक गाव ओळखतो. सेवेच्या लेखी ते वेगळे शीर्षक ठरते.

उत्तरासोबत २०० हा क्रमांक आला, की विनंती स्वीकारली गेली एवढेच सिद्ध होते. त्या शीर्षकाचा लेख नसला तरी हाच क्रमांक येतो. ‘मिसिंग’ ही नोंद उत्तराच्या आत असते. ती न वाचता शब्दसंकलन केल्यास लेखनभेदामुळे हुकलेला लेख अस्तित्वातच नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘सोलापूर’ या शब्दातील चिन्हे व बाइट मोजा. (उत्तर : ७ चिन्हे, २१ बाइट.)