पुण्याला क्लास लावू, की रत्नागिरीतच तयारी करू?

प्रश्न : मी रत्नागिरीत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात शिकणारे मित्र म्हणतात, इथे राहून काही होणार नाही, सरळ क्लास लाव. सीनियर सांगतात, मुलाखतीत लिंक्ड लिस्ट आणि सॉर्टिंगच विचारतात, पण नोकरीत ते कुणी हाताने लिहीत नाही. मग विचारतात कशाला? आणि आता एआयच कोड लिहिणार असेल, तर आम्ही कसली तयारी करायची?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी लिंक्ड लिस्टचं बघू. नोकरीत ती हाताने कुणी लिहीत नाही, हे खरंच आहे. लायब्ररीत तयार मिळते. पण कुठे काय वापरायचं, हे लायब्ररी सांगत नाही. समजा, दहा लाख नोंदींतून एक नाव शोधायचं आहे. एकेक नोंद पाहत गेलात, तर दहा लाख तुलनाही कराव्या लागू शकतील. तीच यादी क्रमाने लावलेली असेल आणि दर वेळी मधली नोंद पाहून निम्मी यादी सोडून देता आली, तर साधारण 20 तुलनांत काम भागतं. डेटाबेसमध्ये इंडेक्स टाकल्यावर रखडलेला शोध पळू लागतो, त्यामागेही हाच विचार आहे. मुलाखत घेणाऱ्याला तो विचार तुमच्याकडे आहे का, हे बघायचं असतं. म्हणून तर पाठ केलेला कोड ‘यादी मेमरीत मावलीच नाही तर?’ एवढ्या एका उपप्रश्नाला अडखळतो.

एआयचं उत्तरही इथेच सापडतं. कोड तो लिहून देईल. पण तो बरोबर आहे की नाही, हे कुणाला तरी कळायला हवं. रुपयांचा हिशेब फ्लोटमध्ये ठेवलेला प्रोग्राम वरवर छान चालतो. पण संगणकाच्या बायनरी अपूर्णांकांत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही आणि मोठ्या हिशेबात पैशांचा मेळ बसत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती चूक दिसते. एआय जरूर वापरा, पण ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही, ती प्रोजेक्टमध्ये ठेवू नका.

आता क्लास. तिथे वेळापत्रक, सराव आणि सोबत मिळते. एकट्याने अभ्यास होतच नसेल, तर क्लास जरूर लावा. शिकवणीसाठीच जायचं असेल, तर आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं घरबसल्या फुकट आहेत. शुल्क पडतं ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे चार विषय पक्के करा. भाषा एकच घ्या, पण नीट घ्या.

क्लासमध्ये न मिळणारी गोष्ट मात्र रत्नागिरीत दाराशी आहे : खरा वापरकर्ता. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ हा प्रोजेक्ट मुलाखत घेणाऱ्याने इतक्यांदा पाहिलेला असतो की तो पान उलटतो. त्यापेक्षा ओळखीच्या एखाद्या आंबा बागायतदाराचा हिशेब मांडा. फळाच्या आकारानुसार पेटीत कधी पाच डझन, कधी सात. वाशीच्या बाजारात गेलेल्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मागाहून येते, त्यातून गाडीभाडं आणि हमाली वजा. बागेत रेंज नाही, म्हणजे ॲप नेटशिवाय चालायला हवं आणि रेंज आल्यावर नोंदी जुळवायला हव्यात. बाप आणि मुलगा दोघांनी आपापल्या फोनवर एकच नोंद बदलली, तर कुणाची धरायची? यावर तुम्ही जो तोडगा काढाल, त्यावर मुलाखतीत अर्धा तास बोलता येईल. मिरकरवाडा बंदरात ओळख असेल, तर बोटीचं डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या वाट्याचा हिशेब घ्या. कोड गिटहबवर टाका, पण बागायतदाराचे खरे आकडे त्यात नकोत.

पुढचे रस्तेही आत्ताच पाहून ठेवा. बीएस्सी-बीसीए पदवीधरांना नोकरी करता करता एमटेक करू देणारी विप्रोची योजना आहे. तिथे सही करण्यापूर्वी बाँडची मुदत आणि रक्कम घरच्यांसोबत बसून वाचा. एमसीए आता दोन वर्षांचं आहे. त्यासाठी राज्याची एमसीए सीईटी, तर एनआयटींसाठी निमसेट ही परीक्षा असते. निमसेटला गणित चांगलं लागतं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसाठी सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी असावी लागते. कॉलेज फिनोलेक्स असो की गोगटे-जोगळेकर, रत्नागिरीतल्या मुलांनाही भाग घेता येतो. कॉलेजात कंपन्या कमी येत असतील, तर ऑफ-कॅम्पस अर्ज दुसऱ्या वर्षापासूनच पाहायला लागा. पात्रतेच्या अटी वाचल्या की काय कमी पडतंय ते कळतं.

इंग्रजीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अनेकांचं घोडं तिथेच अडतं. आपला प्रोजेक्ट आधी मराठीत, कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसाला पाच मिनिटांत समजावून सांगा. तो सांगता आला की मग तेच इंग्रजीत लिहा आणि रीडमी फाइलमध्ये टाका. मराठीतच गोंधळ उडाला, तर इंग्रजी नाही, समज कमी पडते आहे.

सुरुवात कधी करायची, तर लगेच. ॲपची पहिली आवृत्ती मोहोर यायच्या आत तयार ठेवा. एप्रिलमध्ये पेट्या भरायची घाई सुरू झाली की बागायतदाराला तुमच्याकडे बघायला फुरसत नसते. पण तेव्हा ॲप त्याच्या हातात असेल, तर त्यातल्या चुका तो फोन करकरून सांगेल.