बालवर्ग कोणी चालवावा?



आपण त्रिशरण-पंचशील घेतले. जुने देव घराबाहेर गेले, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पण 'आपण बौद्ध म्हणजे कोण?' असे मुलाने विचारले, तर उत्तर कोण देणार? आपल्या भोर-वेल्हे (आताचा राजगड) भागातील अनेक कर्ती माणसे मुंबई-पुण्याला कामाला, आणि आईला भातखाचरातून उसंत नाही. म्हणून गावोगाव बालवर्ग हवा, तो चालविणारा सेवाभावी तरुण किंवा तरुणी हवी.

बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापिली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा दिली आणि 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षा त्यांनी दिली, शिकविण्याचे काम आपल्यावर राहिले.

वर्ग घेणाऱ्याची पहिली पात्रता पदवी नव्हे, आचरण. माझीच गोष्ट सांगतो. मी पाचवे शील शिकवीत होतो. एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग परवा हळदीत तुम्ही घेतली ती कशी चालते?" सारा वर्ग गप्प झाला. मी बी. ए., बी. एड. झालेला, पण उत्तर नव्हते. मुलांपुढे चूक कबूल केली, तेव्हापासून तो पेला हाती धरला नाही. कबूल केले नसते, तर त्या मुलांनी शील पाठ केले असते, पाळले नसते.

दुसरी पात्रता अभ्यास. पाली गाथेचा अर्थ स्वतःला कळल्याशिवाय मुलांकडून घोकून घेऊ नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ रोज दोन पाने तरी वाचावा. उत्तर येत नसेल, तर तसे सांगावे आणि पुढच्या रविवारी शोधून आणावे. धम्मात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही.

तिसरी पात्रता समजावण्याची हातोटी. भगवंतांनी राहुलाला खोटे न बोलण्याचा धडा दिला, तो भांड्यातले उरलेले पाणी दाखवून. ते पाणी ओतले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे जीवन असेच रिते होते. आपल्या घरी तांब्या आहेच; तो घेऊन हाच धडा द्यावा.

आता कर्तव्ये. वेळ पाळावी, हजेरी ठेवावी. मुलगा-मुलगी एका रांगेत बसवावी. न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करावी. वंदना झाल्यावर अर्धा तास शाळेचा अभ्यास घ्यावा. मारू नये, पैसे घेऊ नयेत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हाच आपल्याकडे लावणीची घाई असते. त्या दिवसांत वर्ग दिवेलागणीनंतर घ्यावा, पण बंद ठेवू नये. आणि मोठ्या मुलांतून एक-दोघांना हळूहळू तयार करावे, म्हणजे आपण नोकरीला गेलो तरी वर्ग चालेल.

पालकांनो, तुमचेही एक काम आहे. वर्गात एक आणि घरात दुसरे असे झाले, तर मूल दोन्हींकडे पाहते आणि घरचेच उचलते. या रविवारी मुलांना धाडा. जमल्यास स्वतःही मागे येऊन बसा.

जय भीम!