चट्टा लपवूं नका
शास्त्रपाठ : मार्क १:४०-४५

आमच्या देवळा भागांतील खेड्यापाड्यांत "महारोग" हा शब्द अजून दबक्या आवाजांत उच्चारला जातो. या आठवड्याच्या पाठाच्या निमित्तानें आपण त्याविषयीं उघडपणें बोलूं.

नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं कुष्ठरोगाचा जंतु शोधला. म्हणजे हा रोग पूर्वकर्माचें फळ नव्हे, कीं आईबापांच्या पापाची शिक्षा नव्हे. बहुतेक माणसांच्या अंगीं त्याचा प्रतिकार करण्याची शक्ति असते. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा येणें ही त्याची नेहमींची खूण. सहा ते बारा महिने औषध घेतल्यास रोग बरा होतो, व तें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें.

मग हातपाय विद्रूप कां होतात? मज्जातंतु बधिर झाल्यानें चुलीचा चटका कीं काट्याची जखम कळत नाहीं, आणि ती चिघळत जाते. वेळीं औषध मिळालें तर ही पाळी सहसा येत नाहीं. परंतु चट्टा दिसतांच मनुष्य विचार करितो : मुलीचें लग्न मोडेल, कांद्याच्या कामास कोणी बोलावणार नाहीं. म्हणून तो चट्टा झांकतो, आणि झांकण्यांत वर्ष निघून जातें. त्याचा हात वाकडा होण्यांत जंतूबरोबर आमच्या जिभेचाहि वाटा असतो.

१८९८ च्या कायद्यान्वयें निर्धन रोग्यांस पकडून आश्रमांत ठेवितां येत असे. तो कायदा २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण होतें. ख्रिस्ती विवाहांस लागू असलेल्या कायद्यांतूनहि तें २०१९ सालीं काढण्यांत आलें. कायदा सुधारला, मंडळीनें मागें राहावें काय?

पाठांत प्रभूनें रोग्यास हात लावून बरें केलें, आणि मग याजकाकडे पाठविलें. कारण याजकानें शुद्ध ठरविल्यावांचून लोक त्यास आपल्यांत घेत नसत. रोग जाणें हें अर्धें काम. माणसांत परत येणें हें उरलेलें अर्धें.

उपदेशक बंधूंनो, पापास कुष्ठाची उपमा आम्हींहि पुष्कळ वेळां दिली. ऐकणारांत तसा एखादा बसला असेल, हें ध्यानांत आलें नाहीं. ती उपमा आतां सोडूं या.

विचारासाठीं प्रश्न :
१. चट्टा दिसलेला मनुष्य आपल्या मंडळींत प्रथम कोणास सांगूं शकेल?
२. त्याच्याबरोबर दवाखान्यांत कोण जाईल?
३. बरा होऊन आलेल्यास आपण प्रीतिभोजनांत कोठें बसवूं?