हृद्द्रव, भय आणि चित्तोद्वेग : पॅनिक डिसऑर्डरचा व्यवहारोपयोगी विचार

छातीत अकस्मात धडधड सुरू होते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो आणि 'आता प्राण जातो' असे वाटते. पंधरा-वीस मिनिटांत सर्व शांत होते. तोवर रुग्ण दवाखान्यात पोहोचलेला असतो. ईसीजी निघतो, तो प्राकृत असतो, आणि 'तुम्हाला काही नाही' असे सांगून रुग्णास घरी पाठविले जाते. आठवड्याभरात तोच रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात दिसतो.

बारामती व इंदापूर तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांस हे रुग्ण परिचित आहेत. 'घाबरं-घाबरं होतं', 'काळजात धस्स होतं', 'जीव खालीवर होतो' या शब्दांत ते आपली व्यथा मांडतात. हृद्रोग नाही हे सांगणे आणि कोणता व्याधी आहे हे सांगणे या दोन भिन्न गोष्टी होत. 'काही नाही' हे निदान नव्हे. प्रस्तुत लेखात या व्याधीचे स्वरूप, सापेक्ष निदान आणि चिकित्सा यांचा क्रमाने विचार करू.

व्याधिस्वरूप

आधुनिक वैद्यकानुसार पॅनिक अटॅक म्हणजे तीव्र भयाचा असा वेग, जो काही मिनिटांत परमोच्च अवस्थेस पोहोचतो. धडधड, घाम, कंप, श्वास कोंडणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, मुंग्या, मरणाचे अथवा वेड लागण्याचे भय अशा तेरा लक्षणांपैकी किमान चार लक्षणे एका वेळी असावी लागतात. असे वेग अनपेक्षितपणे पुनःपुन्हा येऊ लागले आणि पुढील वेगाची धास्ती, अथवा त्यापायी वागण्यात झालेला बदल, महिनाभर वा अधिक टिकला, म्हणजे त्यास पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. एखादा वेग कोणासही येऊ शकतो. व्याधी ठरतो तो वेगाच्या भीतीने.

आयुर्वेदीय विचार

संहितांत या नावाचा स्वतंत्र व्याधी नाही, आणि ओढूनताणून एकास एक जोडी लावणे उचितही नाही. परंतु विखुरलेले संदर्भ मोलाचे आहेत. चरकाचार्यांनी विमानस्थानात मानस विकारांची गणना करताना चिंता, उद्वेग व भय यांचा पृथक् उल्लेख केला आहे. सूत्रस्थानातील ऐंशी वातज नानात्मज विकारांत हृद्द्रव व अनवस्थितचित्तत्व ही दोन्ही आहेत. ओजक्षयाच्या लक्षणांत भिणे, सतत चिंतन करणे, इंद्रियांची व्यथा व मनाची खिन्नता येते. अतिचिंतन हा रसवह स्रोतोदुष्टीचा हेतू, तर भय हा स्वेदवह स्रोतोदुष्टीचा. हृदय हे मनाचे व ओजाचे स्थान आहे, हे ध्यानी घेता रुग्णाची धडधड आणि घाम यांची संगती सहज लागते.

संप्राप्ती अशी मांडता येईल. अल्पसत्त्व अथवा सतत तणावाखालील व्यक्तीत रात्रीजागरण, रूक्ष व अवेळी आहार, अतिप्रमाणात चहा, तंबाखू-मिश्री व वेगधारण यांमुळे वात प्रकुपित होतो. प्राण व व्यान वायू हृदयस्थानी क्षुब्ध होतात, साधक पित्त विकृत होते आणि रजोगुण उफाळतो. आपल्या भागात हे हेतू शोधण्यास दूर जावे लागत नाही. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी, गळीत हंगामातील कारखान्याचा कामगार, औद्योगिक वसाहतीत आलटून-पालटून पाळ्या करणारा तरुण यांचा निद्रेचा इतिहास अवश्य घ्यावा.

भयाचे चक्र

हेतुसेवनाने पहिला वेग येतो, पण दुसरा व तिसरा वेग बहुधा अर्थ लावण्यातून येतो. एखादी प्राकृत धडधड 'हार्ट अटॅक' समजली जाते. त्या विचाराने भय वाढते, भयाने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड मूळ समजुतीस पुष्टी देते. श्वास जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व त्यामुळे चक्कर, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, बोटे आखडणे ही लक्षणे उत्पन्न होतात. रुग्णास हा पक्षाघाताचा आरंभ वाटतो. पुढे तो बस, आठवडे बाजार, लग्नसमारंभ टाळू लागतो, खिशात गोळी बाळगतो, एकटा राहत नाही. टाळल्याने तात्पुरते बरे वाटते, आणि म्हणूनच भीती दृढ होते.

सापेक्ष निदान

मानस व्याधीचे निदान करण्यापूर्वी शारीर व्याधींचा निरास करणे अनिवार्य आहे. या ठिकाणी झालेल्या प्रमादाची किंमत रुग्णाचा प्राण असू शकते.

१) हृद्रोग : चाळिशीपुढील वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, श्रमाने वाढणारी वेदना, जबडा वा डाव्या हाताकडे जाणारी वेदना यांपैकी काहीही असल्यास ईसीजी प्रथम. पहिला ईसीजी प्राकृत आला तरी हृद्रोग सर्वस्वी वगळला जात नाही. ट्रोपोनिन तपासणी व निरीक्षण आवश्यक ठरते. मधुमेही व स्त्री रुग्णांत लक्षणे अस्पष्ट असतात. त्यांना 'अम्लपित्त' म्हणून परत पाठवू नये.

२) हृद्गतीचे विकार : नाडीपरीक्षा करताना घड्याळ लावून नाडी मोजावी. गती दीडशेच्या पुढे, नियमित आणि अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी असेल, तर वेग चालू असतानाच ईसीजी काढण्यासाठी पाठवावे.

३) रक्तशर्करा कमी होणे : मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णात घाम व कंप दिसताच ग्लुकोमीटरने शर्करा पाहावी.

४) कीटकनाशकाची विषबाधा : इंदापूरच्या द्राक्ष व डाळिंब पट्ट्यात हे विशेष स्मरणात ठेवावे. फवारणीनंतर घाम व छातीत आवळल्यासारखे होत असल्यास डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडास लाळ व जुलाब असल्यास हा मानस विकार नव्हे. कपडे उतरवून, साबण-पाण्याने अंग धुऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

५) अन्य : थायरॉइडची अतिक्रिया, पांडू, तमक श्वास व त्यासाठी घेतलेली औषधे, मद्य अचानक सोडणे. टीएसएच व हिमोग्लोबिन एकदा अवश्य तपासावे.

ही तपासणी एकदा नीट करावी आणि तेथे थांबावे. नवे लक्षण नसताना दर महिन्याला ईसीजी व टूडी इको करणे म्हणजे रुग्णाच्या शंकेला खतपाणी घालणे होय.

वेगावस्थेतील चिकित्सा

प्रथम आश्वासन. भयज अतिसारातही चरकाचार्यांनी वातहर उपक्रमांसोबत हर्षण व आश्वासन सांगितले आहे. येथे तर तेच प्रधान होय. रुग्णास बसवावे व ठाम, शांत स्वरात सांगावे : 'हा भयाचा वेग आहे. तो काही मिनिटांत उतरतो. त्याच्याशी झुंजू नका.' नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असे पाच मिनिटे करवावे. उच्छ्वास दीर्घ असणे महत्त्वाचे. कागदी पिशवीत श्वास घेण्यास सांगू नये. हृदय वा फुप्फुसाचा रोग असल्यास ते घातक ठरते.

वेगांतर काळातील चिकित्सा

अहित विषयांपासून मनाचा निग्रह हे सत्त्वावजयाचे सार आहे. ते उपदेशाने नव्हे, अभ्यासाने साधते. रुग्णास वरील चक्र कागदावर काढून दाखवावे. नंतर टाळलेल्या गोष्टींची चढत्या क्रमाने यादी करावी. इंदापूरहून बारामतीस एसटीने जाण्याचे भय असल्यास प्रथम स्थानकावर अर्धा तास बसणे, मग सोबत्यासह निमगाव केतकीपर्यंत, पुढे भवानीनगरपर्यंत, आणि शेवटी एकट्याने बारामती. नियम एकच : भीती वाटली तरी मध्येच उतरायचे नाही, ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे. आधुनिक बोधात्मक वर्तनोपचाराचे तत्त्वही हेच असून या व्याधीत त्याची उपयुक्तता उत्तम सिद्ध झालेली आहे.

युक्तिव्यपाश्रयात अभ्यंग, पादाभ्यंग, शिरोधारा, स्निग्ध व वेळेवर आहार, निश्चित निद्राकाल यांची योजना करावी. चहा क्रमाने कमी करावा. भ्रामरी व अनुलोम-विलोम हितकर, मात्र आरंभी कपालभाती व भस्त्रिका टाळावी. जलद श्वासाने वेगाची लक्षणेच उत्पन्न होतात.

औषधांत ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा यांचा विचार प्रकृती व अग्नी पाहून करावा. अश्वगंधेने चिंतेची लक्षणे कमी झाल्याचे काही लहान अभ्यासांत आढळले आहे, परंतु पॅनिक डिसऑर्डरमध्ये तिचा पुरावा तोकडा आहे, हे रुग्णास प्रामाणिकपणे सांगावे. थायरॉइडची अतिक्रिया, गर्भावस्था व यकृतविकार यांत ती देऊ नये. सर्पगंधेविषयी विशेष दक्षता हवी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबातील तिच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले आणि ती जगभर पोहोचली, परंतु तिच्यातील रेसर्पिनमुळे विषण्णता वाढू शकते, हेही पुढे दिसून आले. भयासोबत औदासीन्य असलेल्या रुग्णास ती वर्ज्य समजावी.

औषधालयचालकांसाठी

१) अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि वैद्य, रुग्ण व मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. जुन्या चिठ्ठीवर पुनःपुन्हा गोळ्या देऊ नयेत.

२) दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यास 'त्या बंद करून हे चूर्ण घ्या' असे कदापि सांगू नये. अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात. मात्रा संबंधित चिकित्सकानेच क्रमाने उतरवावी.

३) शामक गोळ्यांसोबत जटामांसी, अश्वगंधा दिल्यास तंद्रा वाढू शकते. वाहनचालकास विचारल्याशिवाय देऊ नये.

४) खुरासानी ओव्याचे कल्प स्वतःच धडधड व मुखशोष उत्पन्न करू शकतात. ते वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावेत.

५) यष्टिमधूचा दीर्घकाळ वापर रक्तदाब वाढवू व पोटॅशियम घटवू शकतो. 'पित्तामुळे धडधडते' म्हणून नेणाऱ्या ग्राहकाचा रक्तदाब विचारावा.

मर्यादा व संदर्भन

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांस मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान आहे. केवळ बीएएमएस पदवीधरास ते नाही. आपल्या भूमिकेस त्यामुळे कमीपणा येत नाही, कारण प्रथम ओळख बहुधा आपल्याकडेच होते. घराबाहेर पडणे बंद झाले असल्यास, मद्याचा आधार घेतला जात असल्यास, काही आठवड्यांत सुधारणा नसल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे दिल्या जाणाऱ्या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात व आरंभी अस्वस्थता किंचित वाढू शकते. हे आधीच सांगितल्यास रुग्ण औषध सोडत नाही. प्रत्येक रुग्णास 'जगणे नकोसे वाटते का' हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. होकार आल्यास त्याच दिवशी, सोबत नातेवाईक देऊन, पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकावरील विनाशुल्क सेवा चिठ्ठीवर लिहून द्यावी.

या व्याधीत रुग्णास खोटा धीर नको असतो आणि नवी भीतीही नको असते. 'तुम्हाला काही नाही' याऐवजी 'तुम्हाला हे आहे, यास हे नाव आहे आणि ते बरे होते' हे वाक्य आम्हास अधिक शास्त्रशुद्ध वाटते. ते उच्चारण्यापूर्वी नाडी मोजावी, बाहुल्या पाहाव्या, ईसीजी पाहावा. उच्चारल्यानंतर त्यावर ठाम राहावे.