बाटली बदलू नकोस

सात रस्ता, सोलापूर

चि. सौ. बबी हिस,


तुम्ही सुखरूप पोचलात, बरं वाटलं. पण मोरीतला तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून मी सुटं पांढरं फिनेल घ्यायची, तेही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. सोलापूरचा एप्रिल, भर दुपार, बाळ तहानलेलं. त्यानं दोन्ही हातांनी बाटली धरून तोंडाला लावली. बूच घट्ट होतं म्हणून निभावलं. त्याचं काय चुकलं? त्याला बाटली ओळखता येते, आतलं नाही. चूक माझी. मुलांच्या वॉर्डात उभा जन्म नोकरी केली, तरी माझ्या हातून झाली.

बाटली मोठ्यांनाही फसवते. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या पोलिओ बूथवर १२ लहान मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळी मुलं वाचली. तिथं तर पाजणारी माणसं याच कामाची होती.

म्हणून फिनेल, ॲसिड, रॉकेल, उंदराचं औषध ज्या बाटलीत किंवा डब्यात आलं, त्यातच राहू दे, आणि कडी-कुलपात. सुटं घेऊच नकोस. मी बंद केलं.

आता तुला पुन्हा दिवस गेलेत, तर लोहाच्या लाल गोळ्या उशाशी ठेवत जाऊ नकोस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या लेकरानं दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. आणि हे फसवं दुखणं आहे, बाई. आधी उलट्या होतात, मग मूल खेळायला लागतं, घरचे निवांत होतात, आणि नंतर ते एकाएकी कोसळतं. उंदराच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचंही तसंच. एक-दोन दिवस वरून काही दिसत नाही, आत यकृत निकामी होत असतं. बाळ हसतंय म्हणून घरी थांबायचं नाही. आणि औषध देताना ‘चॉकलेट आहे, खा’ असं त्याला कधीच म्हणू नकोस.

तरीही काही पोटात गेलंच, तर घशात बोटं घालू नकोस, मिठाचं पाणी पाजू नकोस. रॉकेल प्यालेलं एक पोर तसं ओकवून आमच्याकडे आणलं होतं. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात उतरलं. श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. ते मी विसरलेले नाही. तडक १०८ ला फोन कर, नाहीतर रिक्षा पकड. ती बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घे, म्हणजे डॉक्टरांचा वेळ जात नाही. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा नंबरही फ्रिजवर चिकटव: १८०० ११६ ११७.

आज संध्याकाळी बाळाएवढी खाली बसून मोरी आणि स्वयंपाकघर बघ. हाताला जे जे लागेल ते उचलून ठेव, आणि मला फोन कर.

तुझी,
आत्या