प्रागच्या भाच्यास पत्र

सीपरी बाजार, झाशी

चि. बाळास,

१७ नोव्हेंबरला प्रागच्या नारोद्नी रस्त्यावर लोक मेणबत्त्या लावतात, १९८९ सालच्या निदर्शनांत तुझ्या घरमालकीणबाईंनीही भर चौकात किल्ल्यांचा जुडगा वाजवला होता, हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. पण ‘आपल्याकडे असं कधी घडलंच नाही’ हे तुझं म्हणणं मला पटत नाही.

आणीबाणीत तुझे आजोबा बीबीसीच्या हिंदी बातम्या रेडिओला कान लावून ऐकायचे. बातम्या संपल्या की काटा न विसरता विविध भारतीवर आणून ठेवायचे. सकाळी कुणी सहज रेडिओ लावला तर कळू नये म्हणून. रेल्वेची नोकरी, पदरात चार मुलं. मार्च १९७७ मध्ये अशीच दबून राहिलेली माणसं मतदानाच्या रांगेत उभी राहिली. मी एकोणीस वर्षांची, आणि मताचा हक्क तेव्हा एकविसाव्या वर्षी, म्हणून मी फक्त तुझ्या आजीचा हात धरून केंद्रापर्यंत गेले. रांगेत कुणी चकार शब्द काढत नव्हतं. निकाल लागला तेव्हा उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही नाही! रायबरेलीत खुद्द इंदिराजी हरल्या. झाशीतून जनता पार्टीच्या डॉ. सुशीला नय्यर निवडून आल्या, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभारणाऱ्या.

तिकडे प्रागला एकाच पक्षाची चाळीसहून अधिक वर्षं सत्ता, खरी निवडणूकच नाही, म्हणून लोकांना चौकात यावं लागलं. आपल्याकडे मतपेटी शिल्लक होती. २४ नोव्हेंबर १९८९ ला तिथल्या कम्युनिस्ट नेतृत्वानं राजीनामा दिला, त्याच आठवड्यात इथं अठरा वर्षांची मुलं पहिल्यांदा लोकसभेसाठी मत देत होती.

म्हणून सांगते, बाईंना नुसतं किल्ल्यांचं विचारू नकोस. त्याआधीची वर्षं घरात काय बोलायचं नाही, मुलांना काय शिकवायचं नाही, हे विचार आणि लिहून ठेव. आजोबांना मी विचारलं नाही, आता ते नाहीत. आणि नंतर काय झालं तेही विचार. सत्ता पाडायला एकत्र आलेली आपली जनता पार्टी १९७९ मध्येच फुटली; तशीच एकत्र आलेली त्यांची संघटना, सिव्हिक फोरम, तीही १९९१ ला फुटली. तुला लोकांत काम करायचंय, तर हा भाग जास्त मन लावून ऐक.

आणि तुझं स्वतःचं मतही विसरू नकोस. इथल्या मतदार यादीत नाव परदेशातूनही नोंदवता येतं. मत द्यायला मात्र इथंच यावं लागतं. पुढच्या निवडणुकीची रजा आत्ताच मनात धरून ठेव.

तुझी,
आत्या