बेस वाढवू नका, जुळवा

डिकीतून जळक्या वार्निशाचा वास आला की समजावं, वूफरची कॉइल गेली. माझ्या गाडीतला पहिला दहा इंची वूफर असाच गेला. तो बसवणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरचा गेन शेवटपर्यंत फिरवला, वर बेस बूस्टही चढवला आणि काचा थरथरायला लागल्यावर म्हणाला, "साहेब, बघा कसा वाजतोय!" काही महिन्यांत कॉइल जळाली. दुकानदाराने हात वर केले: "जळालेल्या कॉइलला वॉरंटी नसते." दुसरा वूफर मी स्वतः जुळवला आणि तो आजही खणखणीत वाजतो. तुमचे पैसे असे जळू नयेत, म्हणून हे सांगतोय.

गेन हे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांचा मेळ घालायला तो असतो. तो प्रमाणाबाहेर वाढवला की अ‍ॅम्पची कुवत संपते, लहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो आणि कॉइल तापत जाते.

जुळवणी मल्टिमीटरने करा. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट ठेवा, बेस बूस्ट बंद करा, गेन शून्यावर आणा. वूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन घ्या, तो पूर्ण पातळीवर, म्हणजे शून्य डेसिबलवर रेकॉर्ड केलेला हवा. स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवून तो वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॉट आणि ४ ओहम असतील तर साधारण ३१.६ व्होल्ट. इथे वॉट धरायचे ते आरएमएस. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'मॅक्स' वॉट विसरा. अ‍ॅम्प आणि वूफर यांत ज्याचा आकडा कमी, तोच घ्या. मग टोन बंद करून वायरी परत जोडा आणि स्टिरिओ त्या पाऊण खुणेच्या वर नेऊ नका.

आता फिल्टर. वूफरचा लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. तो दीडशेपर्यंत नेला तर गायकाचा खर्ज डिकीतून येऊ लागतो. दाराच्या स्पीकरना तिथेच हाय-पास लावा. खालच्या बेसचं ओझं उतरलं की तेही मोकळे वाजतात. बॉक्सला पोर्ट असेल तर सबसॉनिक फिल्टर चालू हवाच, कारण पोर्टच्या सुरापेक्षा खाली गेल्यावर कोनला आवर घालणारी हवाच उरत नाही.

फेजचा स्विच बहुतेक जण बघतही नाहीत. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि डिकीपाशी उभ्या माणसाला शून्य आणि १८० असा स्विच बदलायला सांगा. ज्या बाजूला बेस भरीव आणि पुढून आल्यासारखा वाटेल, ती बरोबर.

शेवटची परीक्षा कानाची. मी पखवाजाची साथ असलेला अभंग लावतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्यामुळे तिचा नाद खोल आणि गोल येतो. प्रत्येक थाप सुटी ऐकू आली पाहिजे. थापा एकमेकींत मिसळून नुसती घूंघूं होत असेल तर वूफरची पातळी थोडी उतरवा. नंबरप्लेट किंवा डिकीचा पत्रा खडखडत असेल तर तिथे डॅम्पिंग शीट लावा. तो दोष गेन फिरवून जात नाही.

वायरिंगमध्ये काटकसर नकोच. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, नाहीतर वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते. वायर अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून आली, तर आधी तोच जोड तपासा.

काम दुकानातून करून घेणार असाल तर आधीच विचारा, "गेन मल्टिमीटर लावून सेट करता का?" उत्तर "कानाने करतो" असं आलं तर दुसरं दुकान गाठा. आणि एकदा नीट जुळलं की गेन आणि फिल्टरच्या बटणांवर मार्करने खूण करून ठेवा. गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलीच, तर कुठलं बटण हललं हे तुम्हाला लगेच दिसेल.